बिशप नसलेल्या गावातील लग्न : एका आमिश प्रेमकादंबरीचा प्रकरण अभ्यास

ज्या समाजात लग्न लावण्याचा अधिकार फक्त बिशपला असतो, त्या समाजातील एखादे कुटुंब बिशपला मागे ठेवून जवळपास अडीच हजार किलोमीटर दूर, परक्या देशातील डोंगरांत जाऊन राहिले, तर त्या घरातील उपवर मुलींचे काय होईल? प्रश्न कोड्यासारखा वाटतो, पण डब्ल्यू. डेल क्रेमर यांच्या ‘पॅराडाइज व्हॅली’ या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील ताण, माझ्या मते, याच प्रश्नातून निर्माण होतो. केलेब बेंडर या आमिश (म्हणजे आधुनिक जगापासून अलिप्त, साधेपणाने शेती करून राहणाऱ्या अमेरिकेतील एका ख्रिस्ती पंथाच्या) शेतकऱ्याच्या मुलींवर लिहिलेल्या तीन कादंबऱ्यांच्या मालिकेतील हा पहिला भाग आहे. या लेखात मी मुख्यतः त्याच्यापुरते बोलणार आहे, कारण घर सोडण्याचा आणि नव्या जागी पाय रोवण्याचा प्रसंग त्यातच येतो. शिवाय पुढील भागांतील घडामोडी आधीच सांगून वाचकाचा विरस करण्याचे कारण नाही.

कादंबरी ज्या आमिश प्रेमकथांच्या प्रकारात मोडते त्याची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. बेव्हर्ली लुईस यांची ‘द शनिंग’ ही कादंबरी 1997 साली आली, तिच्या लक्षावधी प्रती खपल्या आणि अमेरिकेतील ख्रिस्ती प्रकाशकांना एक नवी बाजारपेठ सापडली. 2012 या एका वर्षात अशा 85 नव्या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्याची नोंद या प्रकाराच्या अभ्यासक व्हॅलरी वीव्हर-झर्कर यांनी केली आहे. म्हणजे सरासरी दर चार दिवसांना एक. त्या लिहिणारे बहुतेक जण आमिश नसतात आणि वाचणारेही मुख्यतः आमिश नसतात. वाचकवर्ग प्रामुख्याने इव्हँजेलिकल (बायबलला प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) पंथातील स्त्रियांचा आहे, ज्यांना शरीराचे उघडे वर्णन नसलेली, श्रद्धेला धरून चाललेली आणि गावाच्या चौकटीत घडणारी प्रेमकथा हवी असते. ठराविक साचा असा : पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगणा किंवा ओहायोतील होम्स परगणा, डोक्याला पांढरी टोपी बांधलेली तरुणी, बाहेरच्या जगाची किंवा बाहेरच्या तरुणाची ओढ, आणि शेवटी गावात राहायचे की गाव सोडायचे याचा निर्णय. या साच्यात गाव हलत नाही, हलते ती मुलगी. क्रेमर यांनी मुलीला गावात ठेवून गावच उचलून नेले आहे, आणि हे प्रकरण अभ्यासण्याजोगे वाटते ते त्यामुळेच.

मूळ प्रसंग

कथेचा आरंभ ओहायो राज्यात होतो आणि त्यामागे खरा कायदा आहे. ‘बिंग अ‍ॅक्ट’ या नावाने ओळखला जाणारा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा ओहायोने 1921 साली केला. वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची झाली. सोळा वर्षांनंतर कामाचा परवाना घेऊन सुटका होऊ शकत असे, तीही ठराविक इयत्ता पूर्ण केल्यावर. आमिशांचा लिहिण्यावाचण्याला विरोध नव्हता. गावातील एकखोली शाळेत आठवीपर्यंत मुले जात, तेथे इंग्रजी आणि हिशेब शिकत. विरोध होता तो त्यापुढच्या शिक्षणाला. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा बापाच्या बरोबरीने नांगर धरायला आणि मुलगी आईच्या बरोबरीने घर चालवायला शिकते, ते नेमके वय शहरी वर्गात घालवले तर ती मुले समाजाच्या हाती उरणार नाहीत, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. 1922 च्या जानेवारीत होम्स परगण्यात पाच आमिश बापांना मुलांच्या हिताकडे दुर्लक्ष केल्याच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांची मुले न्यायालयाच्या ताब्यात घेऊन बालगृहात ठेवण्यात आली आणि तेथे त्यांना आमिश कपडे घालण्यास मनाई करण्यात आली.

कादंबरीत अटक होणाऱ्यांत केलेब बेंडर आहे, आणि संस्थेत ठेवल्या जाणाऱ्या मुलांत त्याची किशोरवयीन मुलगी रेचेल आणि तिच्या मनात भरलेला जेक वीव्हर आहे. जेकला तेथून पळून जाण्यासाठी रेचेल मदत करते आणि त्यातून दोघांचे जुळते. कायदा पोहोचणार नाही अशी जागा शोधताना केलेबला मेक्सिकोत स्वस्त जमीन विकाऊ असल्याचे कळते. कल्पना त्याची, म्हणून पहिली पावले टाकण्याचा मानही त्याच्याकडे येतो : त्याने कुटुंबासह पुढे जावे, जागा पाहावी, शेत उभे करावे आणि मग इतरांना बोलवावे, असे ठरते.

ही निव्वळ कल्पना नाही. ओहायोतील काही आमिश कुटुंबांनी 1920 च्या दशकात मेक्सिकोच्या न्वेवो लेओन राज्याच्या डोंगराळ दक्षिण भागात खरोखरच ‘पॅराडाइज व्हॅली’ नावाची वसाहत केली होती आणि दशक सरण्याआधी ती मोडलीही होती. क्रेमर यांचे पणजोबा त्या वसाहतकऱ्यांपैकी होते. लेखकाचे वडील आमिश समाजातून पळून जाऊन सैनिक झालेले. त्यामुळे लेखक या समाजाच्या बाहेरचा असला, तरी तो पर्यटकाच्या नजरेने पाहणारा नाही. ज्या समाजात शस्त्र न धरणे हा श्रद्धेचा गाभा आहे, त्यातून निघून सैन्यात गेलेल्या बापाचा मुलगा ही कथा लिहितो आहे, ही गोष्ट डाकूंच्या प्रसंगांकडे वळताना पुन्हा लक्षात घ्यावी लागेल.

शाळा नाकारणारा बाप

मराठी वाचकाला या कादंबरीत शिरताना पहिला अडथळा येतो तो येथेच. ज्या प्रदेशात सावित्रीबाईंनी 1848 साली मुलींना शिकवण्यासाठी शेणगोळे झेलले, आणि जेथे शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करून मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड ठेवला, तेथील वाचकाला शाळेला नकार देणारा बाप नायक म्हणून सहजी पटत नाही. दोन कायद्यांमध्ये अवघे चार वर्षांचे अंतर आहे. एकीकडे शाळा नाकारल्या गेलेल्यांसाठी सक्ती आली, दुसरीकडे शाळा नाकारणाऱ्यांवर सक्ती आली; ‘सक्ती’ हा शब्द दोन्हीकडे एकच असला तरी तिचा भार उलट दिशेने पडला. हा फरक मनात ठेवला नाही तर केलेब बेंडर हा केवळ हट्टी अडाणी वाटतो, आणि तो तसा नाही.

क्रेमर यांनी हा अडथळा युक्तिवादाने दूर करण्याचा खटाटोप केलेला नाही, हे मला त्यांच्या कारागिरीचे लक्षण वाटते. शाळा चांगली की वाईट हा वाद बाजूला ठेवून कथा सरळ बालगृहात नेलेल्या मुलांकडे वळते. आईबापांपासून तोडलेले मूल दिसले की वाचकाची सहानुभूती कायद्याच्या बाजूने उरत नाही, मग तो कायदा कितीही सद्हेतूने केलेला असो. आमिश मुलांच्या दृष्टीने कपडे हे केवळ कपडे नाहीत. ‘ओर्डनुंग’ म्हणजे प्रत्येक मंडळीने, म्हणजे स्थानिक उपासक-समूहाने, स्वतःपुरती ठरवलेली, बहुधा न लिहिलेली आचारसंहिता; टोपीची घडी, कोटाच्या गुंड्या, केसांचा भांग अशा गोष्टी त्यात ठरलेल्या असतात. ते कपडे काढून घेणे म्हणजे त्या मुलाला त्याच्या मंडळीतून उचलून बाहेर ठेवणे होय. पुढे मेक्सिकोला होणाऱ्या स्थलांतराची ही एका अर्थाने रंगीत तालीमच असते : घरापासून तुटणे म्हणजे काय, हे रेचेलला सरहद्द ओलांडण्याआधीच कळलेले असते.

येथे एक ऐतिहासिक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. ज्या मेक्सिकोत ही मंडळी शाळेच्या कायद्यापासून सुटका शोधत गेली, त्या देशाच्या 1917 च्या राज्यघटनेतील तिसरा अनुच्छेद शिक्षण धर्मनिरपेक्ष असावे असे सांगत होता, आणि 1926 साली धर्मसंस्थेवरील निर्बंधांची कडक अंमलबजावणी सुरू झाल्यावर तेथे सरकारविरुद्ध कॅथलिकांच्या उठावाचे ‘क्रिस्तेरो’ युद्ध पेटले. म्हणजे कागदावरचा कायदा ओहायोपेक्षा मवाळ नव्हता. फक्त तो डोंगरापर्यंत पोहोचत नव्हता. त्याच सुमारास, 1922 पासून, कॅनडातील जुन्या वळणाचे मेनोनाइट (आमिशांशी मूळ एक असलेला ख्रिस्ती पंथ) हजारोंच्या संख्येने मेक्सिकोच्या चिवावा राज्यात आले. त्यांचेही कारण शाळाच होते. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी राष्ट्राध्यक्ष आल्वारो ओब्रेगोन यांच्याकडून 1921 साली स्वतःच्या शाळा चालवण्याची आणि लष्करी सेवेतून सूट मिळण्याची लेखी हमी घेतली होती. ती वस्ती आजही तेथे आहे. संख्या आणि लेखी हमी यांची जोड असली की स्थलांतर टिकते. एखाद्या कुटुंबाने पुढे जायचे आणि बाकीच्यांनी मागून यायचे, या पद्धतीत पहिली दोन-तीन वर्षे सगळ्यात नाजूक असतात, आणि कादंबरी नेमकी त्या नाजूक काळावर बेतलेली आहे.

बिशप, पाणी आणि गणित

आमिश मंडळी लहान असते : साधारण वीस ते चाळीस घरे, एक आड एक रविवारी कोणाच्या तरी घरी होणारी उपासना, आणि पगार न घेणारे सेवक. या सेवकांची निवड मतांनी होत नाही. ज्यांची नावे पुढे आली त्यांच्यासमोर तेवढी स्तोत्रांची पुस्तके मांडली जातात, त्यांतल्या एका पुस्तकात चिठ्ठी असते आणि ती ज्याच्या हाती येते त्याच्या खांद्यावर आयुष्यभराची जबाबदारी पडते. प्रवचन देणारे सेवक एकाहून अधिक असतात, परंतु बाप्तिस्मा देणे, प्रभुभोजन घालणे, लग्न लावणे आणि बहिष्काराचा निर्णय जाहीर करणे ही कामे बिशपचीच. सोळाव्या शतकात झुरिचमध्ये या पंथाचा मूळ प्रवाह जन्मला तो बाप्तिस्म्याच्याच प्रश्नावर. मोठ्या माणसाने समजून-उमजून घेतलेला बाप्तिस्माच खरा, असे म्हणणाऱ्यांनी 1525 साली एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांच्यातील याकोब आम्मान यांच्या अनुयायांचा गट 1693 साली वेगळा झाला आणि आमिश हे नाव त्यांना त्यावरून पडले. म्हणून या समाजात मूल जन्मतः सभासद नसते. अठराच्या आसपास मुलगा किंवा मुलगी शिकवणीला बसते, 1632 च्या डॉर्ड्रेख्ट श्रद्धा-जाहीरनाम्यातील अठरा कलमांचा अभ्यास करते, आणि मग बिशपच्या ओंजळीतून डोक्यावर पडणाऱ्या पाण्याने सभासद होते. दोघेही सभासद झाल्याशिवाय त्यांचे लग्न लागत नाही.

या नियमांमुळे मेक्सिकोतील बेंडर कुटुंबाची अवस्था काय होते ते पाहावे. घरी धान्य आहे, जमीन आहे, रविवारी बायबल वाचायला बाप आहे; पण बाप्तिस्मा नाही, म्हणून लग्न नाही. शिवाय मुलगा-मुलगी भेटण्याची जी रीत आहे, तीसुद्धा गावाच्या आकारावर अवलंबून असते. रविवारी संध्याकाळी तरुण मंडळी एकत्र जमून स्तोत्रे गातात आणि नंतर मुलगा आपल्या घोडागाडीतून मुलीला घरी सोडतो. ओळख वाढते ती त्या परतीच्या वाटेवर. एका कुटुंबाच्या वसाहतीत गायला भावंडेच, आणि गाडीतून सोडायला भाऊच. पुढे आणखी कुटुंबे येऊन मिळाली तरी चुलत-मावस भावंडांत लग्न होत नाही, आणि एकाच परगण्यातून आलेल्या पाच-सहा घरांत नाते नसलेला जोडीदार सापडणे हा निव्वळ गणिताचा प्रश्न होतो.

क्रेमर यांनी हे गणित तीन बहिणींमध्ये वाटून दिले आहे, आणि कादंबरीची रचना मला येथे सर्वांत भक्कम वाटते. एमाची लेव्ही मलेटशी ओळख पुढे गेलेली आहे. स्थलांतराने आपल्या संसाराचे स्वप्न मोडेल, ही तिची भीती आहे. रेचेलचे जेकशी नुकतेच जुळले आहे. तिला त्याला सोडून जायचे नाही. मिरियमला मागणारा कोणी नव्हताच, आणि मेक्सिकोत तर तो भेटण्याची शक्यताही नाही, हे ती पुरते जाणून आहे. एकाच बापाच्या एका निर्णयाने तिघींचे तीन वेगळे नुकसान होते, आणि तिघींपैकी कोणीही बापाला चुकीचे म्हणू शकत नाही. या समाजात ‘गेलासनहाइट’ नावाचे मूल्य आहे : स्वतःची इच्छा बाजूला ठेवून समाजाच्या आणि देवाच्या इच्छेत विसावणे. नेहमीच्या आमिश प्रेमकथेत या मूल्याशी झगडणारी नायिका असते आणि मोहक बाहेरचे जग तिला ओढत असते. येथे मोहक असे काही नाही. ओढ आहे ती मागे राहिलेल्या घराची, आणि बंडखोरी म्हणावे तर ती आमिश होम्स परगण्याकडे परत जाण्याची असेल. साच्याची ही उलटापालट लेखकाने जाणीवपूर्वक केली की इतिहासाने आपोआप करून दिली, हे सांगता येणार नाही. वाचकाला तिचा लाभ मात्र होतो.

मिरियम आणि डोमिंगो

मेक्सिकोत बेंडर कुटुंबाला वाट दाखवणारा डोमिंगो नावाचा स्थानिक तरुण भेटतो आणि त्याला मिरियम आवडू लागते. केलेबला हे कधीही मान्य होणार नाही, हे पहिल्या भेटीपासून स्पष्ट असते. वरवर पाहता ही साच्यातली ‘बाहेरच्या मुलाशी प्रेम’ अशीच उपकथा आहे. फरक इतका की, लँकेस्टरमध्ये बाहेरचा मुलगा मोटार, चित्रपट आणि वीज घेऊन येतो, तर डोमिंगो तेथील जमीन, हवामान आणि भाषा यांचे ज्ञान घेऊन येतो. बेंडर कुटुंबाला तगायचे तर त्याची गरज आहे. ज्याच्या आधाराने कुटुंब उभे राहते त्यालाच घराच्या उंबऱ्यावर थांबवायचे, ही केलेबची अडचण कादंबरीतील खऱ्या अर्थाने नैतिक अडचण आहे आणि ती शाळेच्या प्रश्नापेक्षा खोल आहे.

येथे बाप्तिस्म्याचा नियम पुन्हा डोके वर काढतो. ‘मायडुंग’ म्हणजे सामाजिक बहिष्कार. तो फक्त बाप्तिस्मा घेऊन शब्द दिलेल्या आणि नंतर तो मोडणाऱ्या सभासदावर घातला जातो. बाप्तिस्म्याआधी समाज सोडणाऱ्या मुलीबद्दल दुःख होते, पण तिच्या ताटात जेवायला मनाई होत नाही. म्हणून अशा कथांमध्ये प्रेम केव्हा जडले यापेक्षा बाप्तिस्मा केव्हा झाला ही तारीख अधिक निर्णायक असते. मराठीत याला ‘वाळीत टाकणे’ म्हणणे सोयीचे वाटते आणि मीही बोलताना तो शब्द वापरतो. परंतु त्यात एक धोका आहे. आपल्याकडे वाळीत टाकणे हे जातपंचायतीच्या दंडुकेशाहीशी जोडलेले आहे आणि महाराष्ट्राने 2016 साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. जातीत माणूस जन्माने असतो, तिने त्याला विचारलेले नसते. मायडुंग त्या माणसावर येते ज्याने प्रौढपणी सर्वांसमोर होकार दिलेला असतो. भोगणाऱ्याच्या वाट्याला येणारी वेदना तीच असेल, पण अशा कथेतील मुलीच्या मनात ‘मी शब्द दिला होता’ हे जे ओझे असते, ते ‘वाळीत’ या शब्दात येत नाही.

कादंबरीविषयीची माझी मुख्य तक्रार डोमिंगोभोवतीच आहे. जमीन स्वस्त का होती, हा प्रश्न कथा पुरेशा नेटाने विचारत नाही. 1910 पासून दहा वर्षे चाललेल्या मेक्सिकन क्रांतीच्या मुळाशी जमीनच होती. 1917 च्या घटनेच्या सत्ताविसाव्या अनुच्छेदाने मोठ्या ‘हासिएन्दा’ म्हणजे जमीनदारांच्या विस्तीर्ण मालमत्ता फोडून जमीन वाटण्याचा मार्ग मोकळा केला, आणि जप्तीची टांगती तलवार असलेल्या बड्या मालकांना परदेशी गिऱ्हाईक मिळणे सोयीचेच होते. चिवावात मेनोनाइटांनी झुलोआगा कुटुंबाची अफाट जमीन विकत घेतली, तेव्हा तिच्यावर आपला हक्क सांगणाऱ्या स्थानिक शेतकऱ्यांशी त्यांचे तंटे झाले. म्हणजे एका राज्याने आपली मुले काढून घेतली म्हणून निघालेली माणसे, ज्यांना जमीन मिळायला हवी होती अशांच्या अंगणात उतरत होती. डोमिंगोच्या नजरेने हा सौदा कसा दिसत असेल, हे कादंबरीत आणखी खोलवर आले असते, तर मिरियमविषयीच्या त्याच्या ओढीलाही एक कडवट धार चढली असती. या प्रकारच्या प्रकाशनात नायिकेच्या घराच्या चांगुलपणाला इतका तडा जाऊ देणे बाजाराला मानवले असते का, याची मला शंका आहे.

डाकू आणि शस्त्र न धरणे

दरी अपेक्षेप्रमाणे सुंदर निघते, पण थोड्याच काळात डाकूंचा त्रास सुरू होतो. क्रांती संपली तरी बंदुका घरी गेल्या नव्हत्या. क्रांतीतला गाजलेला सेनानी पांचो व्हिया 1923 च्या जुलैत मारला गेला, म्हणजे ही वसाहत उभी राहत असताना तो युग-बदल अजून ताजा होता. प्रेमकादंबरीत घोड्यावरचे डाकू आले की वाचक साहसकथेच्या अपेक्षेने पुढे सरसावतो, आणि काही पाने तशी आहेतही. मेक्सिको म्हटले की डाकू, हे समीकरण अमेरिकी लोकप्रिय साहित्यात इतके झिजलेले आहे की क्रेमर यांनी ते टाळले असते तर बरे झाले असते असे प्रथम वाटते. मात्र त्याचे या कथेत एक वेगळे काम आहे, ते लक्षात आल्यावर मी माझे मत थोडे सैल केले.

आमिश घरात बायबलच्या जोडीला ‘हुतात्म्यांचा आरसा’ अशा अर्थाच्या नावाचा 1660 साली डच भाषेत प्रथम छापलेला जाडजूड ग्रंथ असतो. त्यातील सर्वांत लाडकी कथा डिर्क विलेम्सची. 1569 साली तुरुंगातून निसटून तो गोठलेल्या पाण्यावरून पळाला, पाठलाग करणारा माणूस बर्फ फुटून बुडू लागला, तेव्हा डिर्क मागे फिरला, त्याला वाचवले, पकडला गेला आणि जाळला गेला. ही गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला डाकूपुढे बंदूक न धरणे ही भित्रेपणाची नव्हे, वारशाची बाब वाटते. ओहायोत हा वारसा फारसा पणाला लागत नव्हता, याला 1917-18 सालची सक्तीची सैन्यभरती हा मोठा अपवाद. एरवी शेतावर चोर आला तर परगण्याचा शेरीफ होता, त्याच्या कमरेला पिस्तूल होते, आणि आमिश माणसाला त्याविषयी काही ठरवावे लागत नव्हते. ज्या राज्यसत्तेने मुले उचलून नेली, तीच सत्ता रात्री शेताची राखणही करत होती. मेक्सिकोच्या डोंगरात दोन्ही एकदमच सुटतात. शाळा तपासणारा अधिकारी नाही, आणि शेरीफही नाही.

केलेबची अहिंसा त्यामुळे प्रथमच स्वतःच्या पायावर उभी राहते, आणि तिच्यासोबत एक अस्वस्थ प्रश्न येतो : स्वतः शस्त्र न उचलणाऱ्याने सरकारकडे सैनिक मागावेत का? आपल्या वतीने दुसऱ्याने गोळी झाडली तर हात स्वच्छ राहतात का? पहिल्या भागात हा प्रश्न पूर्ण उलगडत नाही, पण त्याची सावली पडलेली असते. बापाने आमिश समाज सोडून सैन्याचा गणवेश चढवला त्या लेखकाकडून या प्रश्नाचे सरळसोट उत्तर येत नाही, ही त्याच्या प्रामाणिकपणाची खूण मानता येईल. प्रेमकथेच्या अंगाने पाहिले तर या साऱ्याचा परिणाम थेट आहे. ज्या दरीत मुली सुरक्षित नाहीत त्या दरीत ओहायोहून आणखी कुटुंबे यायला कचरतील. कुटुंबे आली नाहीत तर मंडळी उभी राहणार नाही. मंडळी नाही तर बिशपही नाही.

प्रत्यक्ष इतिहासात वसाहत मोडली आणि माणसे परतली. शाळेचा प्रश्न त्यानंतरही अमेरिकेत राज्याराज्यांत धुमसत राहिला, आणि 1972 च्या मे महिन्यात विस्कॉन्सिन राज्यातील तीन बापांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठवीनंतर शाळेची सक्ती आमिशांवर करता येणार नाही असा निकाल दिला. त्या तिघांना खालच्या न्यायालयाने प्रत्येकी पाच डॉलर दंड केला होता. बेंडर मंडळींना यातले काहीच ठाऊक नाही. शाळेच्या कायद्याखाली धरली गेलेली रेचेल बाप्तिस्म्याच्या वयाच्या अलीकडची आहे आणि जेकही तसाच. तो उद्या दरीत येऊन त्यांच्या दारात उभा राहिला, तरी दोघांच्याही डोक्यावर पडायचे पाणी बाकी आहे, आणि ते ओतणारी ओंजळ ओहायोत आहे.